वल्ह्यांचे यंत्र

नव्या मुंबईतील तळवली गावाच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. खाडीत कोळी वल्ह्याने पाणी मागे रेटतो व होडी पुढे नेतो. पूर्वेस, ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे, कारखान्यांची वसाहत आहे. कारखान्यांतही वल्ही चालतात. मात्र ती पाण्यात नव्हे, भुकटीत!

मुलांनो, मिसळण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. घरी येणाऱ्या एक किलो मिठात किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. आयोडीन कमी पडल्यास गलगंड होतो. ते एका पिशवीत पुष्कळ आणि दुसरीत मुळीच नाही, असे झाले तर? म्हणून मिसळणे म्हणजे नुसते ढवळणे नव्हे. प्रत्येक मुठीत सारखा वाटा पोहोचवणे होय.

हे काम करणाऱ्या यंत्रांपैकी एक म्हणजे पॅडल मिक्सर. पॅडल म्हणजे वल्हे. ह्या यंत्रात गोल बुडाचे एक आडवे पात्र असते. त्यातून एक दांडा जातो. दांड्यास आखूड बाहू आणि बाहूंच्या टोकांस रुंद, तिरपी पाती असतात. विजेच्या मोटारीने दांडा फिरू लागला, की पाती माल वर उचलतात आणि बाजूसही सारतात. काही यंत्रांत दोन दांडे परस्परांविरुद्ध फिरतात. तेव्हा माल मध्यभागी उसळून क्षणभर तरंगतो व त्याचे कण सहज एकमेकांत शिरतात. मिश्रण तयार झाले, की तळाचे दार उघडून ते बाहेर काढतात.

यंत्र थोडा वेळ फिरवले, तर मिश्रण अपुरे राहते. फाजील वेळ फिरवले, तर नाजूक दाणे मोडतात. म्हणून निरनिराळ्या जागांचे नमुने काढून तपासतात. पशुखाद्य, खते, धुण्याची पावडर, मसाले, तयार गिलावा अशा अनेक वस्तूंसाठी हे यंत्र वापरतात.

फिरते पाते माणसाचा हात ओळखत नाही. म्हणून झाकण उघडताच यंत्र आपोआप थांबेल, अशी योजना केलेली असते. सफाईसाठी हात घालण्यापूर्वी वीज तोडून मुख्य स्विचास कुलूप लावतात आणि किल्ली सफाई करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची असते. काम कितीही निकडीचे असो, हा नियम मोडू नये.

स्वाध्याय
1. पाती तिरपी का असतात?
2. मिश्रणाचे नमुने निरनिराळ्या जागांहून का घेतात?
3. कुलपाची किल्ली सफाई करणाऱ्याजवळच का असावी?