विहिरीपर्यंतची तार आणि विजेचा हिशेब

पाटाच्या मुखाशीं जितकें पाणी असतें तितकें शेवटच्या वाफ्यास पोहोंचत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. वाटेंत कांहीं जिरतें, कांहीं फुटून जातें. म्हणून तो पाट साफ ठेवितो व फुटलेली जागा बुजवितो. परंतु तोच शेतकरी मीटरपासून विहिरीपर्यंत बारीक तार ओढतो, आणि मोटार जळाली म्हणजे दोष मोटारीस किंवा ती भरणाऱ्या कारागिरास देतो. तारेंत वीज किती जिरली हें तो पाहत नाहीं. तें पाहण्यास गुणाकार व भागाकार यांपलीकडे गणित लागत नाहीं; तेंच आज उदाहरणासह सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम चार शब्द ध्यानांत घ्यावे. वीज ज्या जोरानें पुढें ढकलली जाते तो दाब. तो व्होल्टांत मोजतात. तारेंतून जो वाहतो तो प्रवाह. त्याचें माप अँपिअर. वाहण्यास जी अडवणूक होते तो रोध. त्याचें माप ओहम. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध येतो. दाबास प्रवाहानें गुणिलें असतां शक्ति येते, व ती वॅटांत मोजतात. एक हजार वॅट एक तासभर खर्च झाले म्हणजे एक युनिट होतें.

आतां उदाहरण घेऊं. मीटरपासून विहीर १५० मीटर दूर आहे. वीज सिंगल फेजची, व तार तांब्याची, बाजारांत जिला अडीच एमएम म्हणतात ती आहे. जाणारी व येणारी अशी एकूण तार ३०० मीटर भरते. विहिरीपाशीं बादलीभर पाण्यांत १२०० वॅटची पाणी तापविण्याची कांडी लाविली. ती चालू असतां मीटरपाशीं दाब २३० व्होल्ट, विहिरीपाशीं २२० व्होल्ट, आणि प्रवाह ५ अँपिअर भरला.

कांडीचा रोध २२० भागिले ५, म्हणजे ४४ ओहम. तिची शक्ति २२० गुणिले ५, म्हणजे ११०० वॅट. तारेंत दाब १० व्होल्टांनीं उतरला. १० भागिले ५, म्हणजे तारेचा रोध २ ओहम. तारेंत जिरलेली शक्ति १० गुणिले ५, म्हणजे ५० वॅट. ताळा पाहावा : मीटरपाशीं २३० गुणिले ५ म्हणजे ११५० वॅट, ११०० व ५० यांची बेरीजही तितकीच.

कोणी म्हणेल, ५० वॅट म्हणजे कांहींच नाहीं. परंतु कांडी काढून मोटार लाविली व ती १० अँपिअर घेऊं लागली, तर तारेंतील दाब २० व्होल्टांनीं उतरतो आणि नुकसान २० गुणिले १०, म्हणजे २०० वॅट होतें. प्रवाह दुप्पट झाला, नुकसान मात्र चौपट झालें. तारेची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें इंग्लंडमधील जेम्स जूल यांनीं १८४१ सालीं दाखविलें. रोज सहा तास व वर्षांतून १५० दिवस मोटार चालली, तर १८० युनिटें केवळ तार तापविण्यांत जातात.

याहून मोठा धोका मोटारीस आहे. दाब कमी पडला असतां मोटार आपलें काम सोडीत नाहीं; तें करण्यास ती अधिक प्रवाह ओढते. प्रवाह वाढला कीं तारेंत दाब आणखी उतरतो. अशा रीतीनें गुंडाळी तापत जाऊन अखेर जळते. ढिला सांधा तर याहून वाईट. त्याचा रोध अर्धा ओहम जरी असला, तरी १० अँपिअरांस ५० वॅट उष्णता बोटभर जागेंत कोंडते व वरचें आवरण जाळते.

येथें एक इशारा दिला पाहिजे. कांडीचा हिशेब मोटारीस जसाचा तसा लावूं नये. मोटारीच्या दाबास प्रवाहानें भागिल्यानें तिच्या गुंडाळीचा रोध येत नाहीं. आणि त्यांचा गुणाकार वॅट नव्हे, त्यास पॉवर फॅक्टरनें गुणावें लागतें. तो ०.८ असेल, तर २१० व्होल्ट व १० अँपिअर यांचे २१०० नव्हे, १६८० वॅट होतात. थ्री फेज मोटारीस एका तारेचें नुकसान काढून त्याची तिप्पट करावी.

उपाय सोपा आहे. अडीचच्या जागीं सहा एमएमची तार घातली, तर रोध २ ओहमांवरून सुमारें ०.८३ वर येतो व २०० वॅटांचें नुकसान ८३ वॅटांवर उतरतें. सांधे शक्य तितके थोडे ठेवावे व ते घट्ट असावे.

हीं मापें परवानाधारक वायरमनकडूनच घ्यावीं. कांडी पाण्यांत बुडाल्यावांचून वीज सुरू करूं नये, व ती चालू असतां बादलीस कोणी हात लावूं नये. दोन्ही टोकांचा दाब व प्रवाह वहींत तारखेसह टिपून ठेवावा आणि दर हंगामाच्या आरंभीं तो पुन्हां ताडून पाहावा. आंकडा बदलला, तर मोटार सोडविण्यापूर्वीं तार व सांधे पाहावे, एवढीच आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे.