आधी आकडा, मग नाव

पूर्वजांचा माग काढायला मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जायच्या आधी आत्याकडे जा आणि तिच्या कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला सांग. त्यात माझ्या आजोबांचा जन्मदाखला आहे. त्यावर आजोबांच्या वडिलांच्या, म्हणजे तुझ्या खापरपणजोबांच्या नावाशेजारी एक लांबलचक आकडा दिसेल. तो उतरवून घे. डबा ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही.

नावामागे लागू नकोस. २ नोव्हेंबर १८३४ला ‘ॲटलस’ जहाज पोर्ट लुईला लागलं, त्यानंतर साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर आपल्या या मॉरिशस बेटावर उतरले. त्यातले विठू, गणू, रामा किती असतील बघ! मी नावाच्या नादी लागलो आणि दोन वर्षं दुसऱ्याच कुणाच्या पूर्वजाला पितृपक्षात पान वाढलं. जेवला असेल बिचारा. इथे उतरल्यावर मिळालेला आकडा मात्र ज्याचा त्याचा.

महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवहीत त्या आकड्यासमोर वय, उंची, अंगावरची खूण, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, जहाज असं सगळं मिळतं. वय अंदाजाचं, त्यावर भांडू नकोस. बापाचं नाव सोन्यासारखं जप. मागचेपुढचे वीस-पंचवीस आकडेही वाच. भाऊ, मेहुणा, शेजारच्या वाडीतला कुणीतरी तिथेच सापडतो. फोटो मिळाला तर नशीब. १८६७च्या कायद्यानंतर जुन्या मजुरांच्या पासावर फोटो लावू लागले.

नावं डोळ्यांनी नको, मोठ्याने वाच. फ्रेंच जिभेला ‘ह’ झेपत नाही, म्हणून भिकूचा बिकू होतो. आडनाव तर शोधूच नकोस. बापाचं नाव तेच पुढे आडनाव झालं. खापरपणजीचा आकडा वेगळा असतो. आपली मांडवातली लग्नं सरकारदरबारी धरत नसत, त्यामुळे मुलं आईच्या नावावरही सापडतील. लाजायचं काही कारण नाही.

घरात सांगतात ना, आपला पूर्वज सरदार होता? होता. उसाच्या मळ्यावर मजुरांच्या टोळीच्या मुकादमाला इथे ‘सरदार’ म्हणत. घोडा, तलवार शोधायला रायगडावर जाऊ नकोस.

आता कोकणातलं मूळ गाव. नोंदीत ‘मुंबई’ असेल तर ते बंदर समज, गाव नव्हे. ‘रत्नागिरी’ असेल तर आजचा सिंधुदुर्गही बघ, तो १९८१ला वेगळा झाला. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं, त्यांचे कागद निराळे. खुर्द की बुद्रुक, हेही विचारून घे. एकाच नावाची गावं चार निघतात.

गावात पोचलीस की आधी ग्रामदेवतेच्या देवळात जा. गुरवाला खापरपणजोबांच्या बापाचं नाव सांग आणि मानकरी कोण ते विचार. तुझं मराठी शाळेतलं, त्यांची बोली मालवणी किंवा संगमेश्वरी, हळू बोल. आणि ‘आमची जमीन कुठली?’ हे चुकूनही तोंडून काढू नकोस. सातबाऱ्यात हिस्सा मागायला कुणी परदेशातून आलं असं वाटलं, की सख्खे भाऊबंदही ओळख दाखवत नाहीत. मी विचारलं होतं. चहाचा कप अर्धा असतानाच घरातले सगळे कामाला निघून गेले.