पाककृतींचे ॲप आणि अडीचपट तिखट

प्रश्न : आईच्या वहीतल्या पाककृतींसाठी मी मोबाइल ॲप लिहिले आहे. चौघांची कृती दहाजणांसाठी केली की प्रमाणे बिघडतात. हे कसे टाळावे, आणि ॲप प्ले स्टोअरवर कसे आणावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : ‘२ वाट्या रवा’ हे बहुधा तुम्ही एकसंध वाक्य म्हणून साठवले असेल. संख्या, माप आणि जिन्नस वेगळ्या रकान्यांत ठेवा. पाव, पाऊण अपूर्णांकातच दाखवा, ०.७५ वाटी वाचून कोणी रवा मोजत नाही. वाटी घरोघरी वेगळी, म्हणून आपल्या वाटीचे मिलिलिटर प्रत्येकाला एकदा भरू द्या. आणि सगळेच पटीत वाढवू नका. फोडणीचे तेल, तिखट, गरम मसाला दहाजणांना सहसा अडीचपट लागत नाही. कुकरच्या शिट्ट्या तर नाहीच नाही. अशा ठिकाणी आकडा न वाढवता ‘अंदाजाने’ अशी खूण दिसू द्या.

फोन बदलला तरी कृती टिकाव्यात, म्हणून त्या फाइलमध्ये बाहेर काढण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत हवी.

प्ले स्टोअरची नोंदणी २५ डॉलर, एकदाच. नव्या वैयक्तिक खात्याला मात्र किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. त्यात प्रोग्रामर मित्र भरू नका. रोज रांधणारी माणसे घ्या, आईपासून सुरुवात करा.