दाहाच्या अभ्यासास निघालेल्या पुतणीस

चि. मृणालिनीस,

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. शरीर स्वतःच निर्माण करीत असलेले वायू आणि दाह यांचा संबंध हा विषय तू प्रबंधासाठी घेतलास, याचा मनःपूर्वक आनंद झाला. परंतु हे वायू दाहाचे शत्रू की मित्र एवढे एकदा निश्चित झाले की पुढचे काम सुकर होईल, असे जे तू लिहिले आहेस, त्याविषयी तुझ्याशी मोकळेपणाने बोलणे मला माझे कर्तव्य वाटते.

नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड या तिन्ही वायूंची जगाच्या दप्तरी विष म्हणूनच नोंद होती, आणि ती नोंद खोटी नव्हती. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात शौचकूप उपसणाऱ्या मजुरांचे डोळे कसे लाल होऊन सुजतात आणि त्यांच्या खिशातली नाणी कशी काळवंडतात, हे त्याने लिहून ठेवले आहे. आणि आपल्या देशात गटारात उतरलेले सफाई कामगार आजही विषारी वायूने गुदमरून मरतात, हे प्रयोगशाळेत बसून तू कधीही विसरू नयेस. शौचकूपांत आणि गटारांत साठणारा हा हायड्रोजन सल्फाइड आपल्या मेंदूतही सिस्टीनपासून तयार होतो आणि चेतापेशींच्या व्यवहारात भाग घेतो, असे आबे आणि किमुरा यांनी १९९६ साली दाखविले, तेव्हा ज्याला आपण केवळ बाहेरून येणारे संकट मानीत होतो, तो देहाचा जुना रहिवासी ठरला.

नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाची हकीकत मात्र तू सावकाश वाच. फर्चगॉट हे सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्या कापून त्यांवर कित्येक वर्षे प्रयोग करीत होते. जिवंत शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारे ॲसिटिलकोलीन त्यांच्या पट्ट्यांना उलट आखडवी, आणि या विसंगतीचा उलगडा होत नव्हता. पट्टी कापताना व हाताळताना तिचा आतला पृष्ठभाग घासला जाई आणि रक्तवाहिनीचे जे एका पेशीच्या जाडीचे अस्तर, तेच नकळत निघून जाई. ते अस्तर जपले की तेच ॲसिटिलकोलीन पट्टीला सैल करते, हे १९८० साली त्यांनी झवाड्झ्की यांच्यासह प्रसिद्ध केले, आणि त्या अस्तरातून सुटणारा अज्ञात पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे १९८७ पर्यंत सिद्ध झाले. पट्टीला बोट कोठे लागले, एवढ्यावर प्रयोगाचे उत्तर फिरत होते, हे ध्यानात घे. तुझ्या ऊतींचे तुकडे कापण्याचे काम तू दुसऱ्यावर सोपवू नयेस, असे मी निक्षून सांगतो.

आता दाहाकडे वळू. हे अस्तर जो नायट्रिक ऑक्साइड सोडते, तो अत्यल्प असतो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो. पण तेवढ्याने रक्तवाहिनी सैल राहते, आणि पांढऱ्या पेशींना भिंतीस चिकटून बाहेर पडण्यास मज्जाव होतो, म्हणजे येथे तो दाहाला आवर घालतो. जंतूंचा शिरकाव झाला की भक्षकपेशी हा वायू बनविणारे निराळेच विकर तयार करतात. ते कामास लागण्यास काही तास जातात, परंतु एकदा लागले की पुष्कळ वेळ भरमसाट वायू ओतीत राहते. त्याने जंतू मरतात, हे खरे; पण हाच वायू सुपरऑक्साइडशी संयोग पावून पेरॉक्सिनायट्राइट बनला की स्वतःच्या ऊतींनाही जाळतो, आणि सर्वांगात पसरलेल्या जंतुदोषात रक्तवाहिन्या इतक्या ढिल्या करतो की रक्तदाब कोसळतो. तेव्हा, ‘हा शत्रू, याचा बंदोबस्त करावा’, असे मानून या वायूची निर्मिती सरसकट थांबविणारे एक औषध अशा ७९७ रुग्णांवरील चाचणीत तपासण्यात आले. रक्तदाब वर चढला. परंतु अठ्ठाविसाव्या दिवशी औषध घेतलेल्यांपैकी ५९ टक्के दगावले होते, आणि न घेतलेल्यांपैकी ४९ टक्के. चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. २००४ साली प्रसिद्ध झालेला तो अहवाल प्रबंधाचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी तू संपूर्ण वाचावास, कारण शत्रू की मित्र या प्रश्नाची किंमत त्यात माणसांच्या प्राणांनी मोजलेली आहे.

कार्बन मोनॉक्साइडचा दाखला तुला तुझ्याच अंगावर सापडेल. गुडघा आपटला की प्रथम जांभळा झालेला डाग काही दिवसांत हिरवट आणि मग पिवळट होतो. साकळलेल्या रक्तातील हीम फोडून हीम ऑक्सिजनेज हे विकर प्रथम हिरवे बिलिव्हर्डिन करते, त्याचे पुढे पिवळे बिलिरुबिन होते, आणि हीमच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू मुक्त होतो. टेनहुनेन, मार्व्हर व श्मिड यांनी १९६८ साली हे विकर ओळखले, तेव्हा त्यातून निघणारा वायू निव्वळ टाकाऊ मानला जाई. पुढे २००० साली ऑटरबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अल्प मात्रेतील हाच वायू भक्षकपेशींकडून होणारी दाहकारक द्रव्यांची निर्मिती घटवितो, असे दाखविले. आणि त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये हे विकर जन्मतःच नसलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली होती, ज्याच्या देहात दाह शमतच नव्हता आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर ठिकठिकाणी जखमी झाले होते. त्या बालकाला केवळ वायूच नव्हे, तर बिलिरुबिनही लाभत नव्हते. म्हणून सारे श्रेय एकट्या वायूच्या पदरात घालण्याची घाई तू करू नकोस.

हायड्रोजन सल्फाइडविषयी तर निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत. २००५ साली उंदरांवरील प्रयोगात त्याची निर्मिती रोखली असता दाह कमी झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्यांच्या प्रयोगात तो वायू बाहेरून पुरविला असता पांढऱ्या पेशींचे चिकटणे आणि सूज ही दोन्ही घटली. माझ्या मते यातला कोणताही एक पक्ष खोटा ठरविण्याची गरज नाही; कोठे, किती आणि दाहाच्या कोणत्या प्रहरी, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारले, तरच हा तंटा तुटेल.

आणखी एक सांगतो. गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड सुमारे १५ पट वाढतो, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ साली मोजून दाखविले. भ्रामरी प्राणायामाने सर्व दाह शमतो, याचे प्रमाण म्हणून हा आकडा कोणी तुझ्यापुढे ठेवील, त्याला आदराने, पण स्पष्टपणे सांग की त्या प्रयोगात वायू मोजला होता, रोग नव्हे.

तेव्हा प्रयोगवहीच्या प्रत्येक पानावर ऊतीचे नाव, वायूची मात्रा आणि दाह सुरू झाल्यापासूनचा तास या तीन गोष्टी नोंदल्यावाचून निष्कर्षाची एक ओळही लिहू नकोस. पहिली दहा पाने भरली की त्यांची नक्कल मला टपालाने पाठव. मी ती अक्षरन् अक्षर वाचीन.

कळावे.

तुझा,
बापूकाका