रंगांची पाळी

मुलांनो, अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाचे छोटे बेट आहे. तेथे पेट्रल नावाचे समुद्रपक्षी जमिनीतील बिळांत अंडी घालतात. माणसांची वर्दळ झाली तर ते घरटे सोडून जाऊ शकतात. म्हणून २००२ साली शास्त्रज्ञांनी बेटावर ३२ चिमुकली यंत्रे ठेवली. तापमान व दमटपणा मोजायचा आणि रेडिओने कळवायचा, हे त्यांचे काम. अशा यंत्रांना संवेदक म्हणतात.

शेजारचे दोन संवेदक एकदम बोलू लागले तर? वर्गात दोघे एकदम बोलले की काहीच समजत नाही, तसेच होते. निरोप पुन्हा पाठवावा लागतो आणि बॅटरी खर्च होते. बॅटरी संपली की ती बदलायला बिळापाशी माणूसच जाणार! मग यंत्र ठेवून उपयोग काय?

अशा वेळी गणितातील एक जुना प्रश्न उपयोगी पडतो. १८५२ साली फ्रान्सिस गथ्री हा तरुण इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवत होता. शेजारच्या परगण्यांना वेगळे रंग द्यायचे, तर चार रंग पुरतात असे त्याला दिसले. कोणत्याही नकाशाला चार पुरतात, हे सिद्ध व्हायला मात्र १९७६ साल उजाडले.

आता परगण्यांऐवजी संवेदक घ्या. प्रत्येकासाठी एक ठिपका काढा. ज्यांना एकमेकांचे ऐकू येते, ते ठिपके रेषेने जोडा. या चित्राला आलेख म्हणतात. येथे रंग म्हणजे बोलण्याची पाळी. आधी लाल बोलतील, मग हिरवे. आपली किंवा शेजाऱ्याची पाळी नसेल तेव्हा संवेदक झोपतो आणि बॅटरी वाचते.

पण नकाशाचा नियम येथे अपुरा पडतो. समजा, अ, ब, क हे संवेदक एका ओळीत आहेत. अ आणि क यांना एकमेकांचे ऐकू येत नाही. मधल्या 'ब'ला दोघांचे येते. दोघे एकदम बोलले तर 'ब'च्या कानी नुसता गोंधळ पडतो. म्हणून शेजाऱ्याच्या शेजाऱ्यालाही वेगळा रंग हवा.

रंग द्यायची रीत सोपी आहे. या नियमात येणाऱ्यांनी न घेतलेला पहिला रंग प्रत्येकाने घ्यायचा. मात्र त्यामुळे कमीत कमी रंग लागतीलच असे नाही. मोठ्या आलेखासाठी झटपट आणि अचूक अशी रीत अजून कोणालाही सापडलेली नाही.

सहा संवेदक गोलात ठेवा. प्रत्येकाला फक्त दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे ऐकू येते. त्यांना तीन रंग पुरतात. आता एक संवेदक काढून पाचांचा गोल करा. पाच रंग लागतात! असे का, ते वहीत चित्र काढून शोधा.