पत्र्याचे छप्पर : खिळा, स्क्रू की हुक?

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी छपरांच्या डागडुजीची लगबग सुरू होते. गोव्यात व कोकणपट्टीत घरे, गोठे आणि शाळा यांवर कौलांच्या जोडीने पन्हळी पत्रेही सर्रास दिसतात. पत्रा घेताना त्याची जाडी पाहिली जाते, भाव पारखला जातो. परंतु तो ज्यांच्या आधारे टिकावयाचा, त्या खिळ्यांकडे व स्क्रूंकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. 3 जून 2020 च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर, तर मे 2021 मध्ये 'तौक्ते'ने गोव्यात अनेक छपरे उडविली.

वारा छपरास खाली दाबतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः छपरावरून वेगाने वाहणारा वारा पत्रा वर ओढतो आणि दारे-खिडक्यांतून आत शिरलेला वारा त्यास खालून रेटा देतो. हा ओढा वळचण, आढे व कोपरे येथे सर्वाधिक असतो. म्हणून तेथे बंधने अधिक जवळजवळ असावीत.

साधा खिळा केवळ लाकडाच्या पकडीवर टिकतो. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पकड सैल होते. स्क्रूचे आटे लाकडात रुततात, त्यामुळे तो सहजी उपटत नाही. लाकडी वाशासाठी विरळ आट्यांचा, तर लोखंडी नळासाठी स्वतःच भोक पाडणारा, बारीक आट्यांचा स्क्रू घ्यावा. हुकाचा बोल्ट वाशाला वा नळाला खालून कवटाळतो. म्हणून तो अधिक भरवशाचा. बंधन कोणतेही असो, त्यावर जस्ताचा मुलामा हवा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते आणि पत्रा शाबूत असतानाही बंधन तुटते.

भोक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे. खोलगट भागातून पाणी वाहते व तेथील भोक गळते. डोक्याखाली रबरी किंवा डांबरी वॉशर अवश्य घालावा. तो पत्र्यास नीट टेकेल इतकेच आवळावे. अति आवळल्यास वॉशर चिरडतो व सिमेंटचा पत्रा तडकतो. नैऋत्येचा पावसाळी वारा ध्यानी घेऊन पत्रे अंथरण्यास विरुद्ध बाजूने आरंभ करावा, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याच्या तोंडी येत नाही.

छपरावर दगड ठेवणे हा उपाय नव्हे. वादळात तेच दगड खाली माणसांवर येतात. पत्रा वाशाला घट्ट असूनही वासा भिंतीस बांधलेला नसेल, तर अख्खे छप्पर उचलले जाते. यास्तव शाळा उघडण्यापूर्वी गंजलेली, सैल झालेली व वॉशर नसलेली बंधने तपासून बदलावीत. त्या छपराखाली मुले बसावयाची आहेत, एवढे स्मरण या कामी पुरेसे आहे.