हसणाऱ्याच्या आतलं दुखणं
आजचे वाचन: नीतिसूत्रे १४:१३

प्रियांनो, ओठांवर हसू असलं तरी आतलं दुःख देव जाणतो.

जॉनी लिव्हर आपल्या नांदेड-लातुरात घरोघरी माहीत आहेत. हिंदुस्तान लिव्हर कंपनीतल्या कामगारांना हसवणारा हा माणूस 'बाजीगर'मुळे (१९९३) सगळ्यांचा लाडका झाला. सोबत दारूही होती. पण मुलाला कॅन्सर झाल्याचं कळलं तेव्हा नाव-पैसा कामी आला नाही. सिनेमा बाजूला ठेवून ते प्रार्थनेला बसले. मुलगा बरा झाला, दारूही सुटली. आज ते प्रभूची साक्ष देतात, आणि हसवतातही!

मला हेच भावतं. प्रभूने व्यसन घेतलं, देणगी ठेवली. आपल्या घरातला पिणाराही चारचौघांत हसवत असेल. त्याला टोमणा मारण्याआधी आज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करू या. आमेन.